जुनी डिस्क नव्या लॅपटॉपला लागत नाही? अडकलंय कुठे, ते आधी बघा

दिवाळीची साफसफाई आणि आखाजी (आमच्या खानदेशातली अक्षय्य तृतीया), या दोन वेळांना हा प्रश्न हमखास येतो. आखाजीला लेकी माहेरी आल्या की कपाटं उघडतात, लग्नाची कॅसेट निघते, सीडींचा गठ्ठा निघतो आणि कुणीतरी ते सगळं पिशवीत घालून दुकानात आणतं. "भाऊ, यामा मन्ही पोरनं लगीन शे, मोबाईलमा टाकी द्या." सावद्याकडचे केळीवाले जुन्या टॅलीची, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरची, हार्ड डिस्क आणतात, छपाईवाले फ्लॉपीचा डबा आणतात. तक्रार सगळ्यांची सारखीच: नव्या लॅपटॉपला हे लावायला जागाच नाही.

जागा नाही हे खरंच आहे. आता कित्येक लॅपटॉपना दोन टाईप-सी सोडले तर काही नसतं. पण पोर्ट ही या भानगडीतली सगळ्यात स्वस्त अडचण आहे. काम चार ठिकाणी अडू शकतं: जोडणीत, विजेत, डिस्कवरच्या मांडणीत आणि शेवटी फाईल उघडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. लोक पहिल्या ठिकाणी पैसे घालतात आणि दुसऱ्या ठिकाणी डिस्क मारतात. म्हणून कन्व्हर्टर मागवायच्या आधी आपलं गाडं नेमकं कुठे अडलंय ते ठरवा.

हात लावण्याआधी

विंडोजने "फॉरमॅट करायचं का" असं विचारलं तर कॅन्सल दाबा. डिस्क मॅनेजमेंट उघडल्यावर "इनिशियलाइझ" करायला सांगितलं तरी कॅन्सल. विंडोजला ती मांडणी वाचता आली नाही, एवढाच त्या प्रश्नाचा अर्थ असतो. डिस्क रिकामी आहे असा नव्हे. बिघडलेल्या डिस्कपेक्षा घाईत ओके दाबल्याने गेलेला डेटा जास्त असावा, असं माझं मत आहे.

डिस्क लावल्यावर टक-टक-टक असा ठराविक लयीत आवाज आला तर लगेच वीज काढा. तबकडी वाचणारं हेड आपली जागा शोधतंय आणि त्याला ती सापडत नाहीये. पुन्हा पुन्हा चालू करून बघितलं तर आतली तबकडी खरवडली जाते, मग मोठ्या लॅबमध्येही कुणाला काही करता येत नाही. फ्रीजरमध्ये ठेवणे, हलकेच आपटणे, झाकण खोलून बघणे हे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे उपाय करू नका. विशेषतः झाकण. आपल्याकडच्या मे महिन्याच्या धुळीत उघडलेली डिस्क म्हणजे संपलेली डिस्क.

पट्टीच्या केबलची जुनी हार्ड डिस्क

२००३ च्या सुमारास साटा ही डिस्क जोडायची नवी पद्धत आली. त्याआधीच्या आणि नंतरची काही वर्षं चाललेल्या बऱ्याच डिस्क आयडीई, म्हणजे रुंद पट्टीच्या केबलने जोडायच्या, आहेत. मागे दोन ओळींत ४० पिना आणि शेजारी चार जाड पिनांचं वीजेचं सॉकेट दिसलं की ती डेस्कटॉपची आयडीई समजा. हिला 'यूएसबी टू साटा-आयडीई' नावाचा कन्व्हर्टर लागतो. घेताना त्याच्यासोबत वीजेचा वेगळा अ‍ॅडॅप्टर आहे का, ते बघूनच घ्या. डेस्कटॉपच्या डिस्कला ५ व्होल्ट आणि १२ व्होल्ट दोन्ही लागतात. यूएसबीतून फक्त ५ येतात. त्यामुळे नुसती केबल मागवली तर डिस्क फिरणारच नाही.

फिरते पण दिसत नाही, ही त्यानंतरची नेहमीची तक्रार. इथे दहातले बरेच जण जम्परपाशी अडकलेले असतात. आयडीईच्या एका पट्टीवर दोन डिस्क लागायच्या, म्हणून एक मास्टर आणि एक स्लेव्ह असं ठरवायला मागे छोटी प्लॅस्टिकची टोपी असते. जुन्या कॉम्प्युटरमधून काढलेली डिस्क स्लेव्हवर किंवा केबल सिलेक्टवर असेल, तर कन्व्हर्टरला बहुधा ती सापडत नाही. डिस्कच्या लेबलवर छोटा नकाशा छापलेला असतो, त्याप्रमाणे टोपी मास्टरवर आणा. वेस्टर्न डिजिटलच्या बऱ्याच डिस्कवर मात्र एकटी डिस्क असेल तर टोपी पूर्ण काढायची असते. तिथे मास्टरची जागा वेगळी आणि 'सिंगल'ची वेगळी. लेबल न वाचता टोपी इकडून तिकडे करत बसण्यात संध्याकाळ जाते.

लॅपटॉपची आयडीई डिस्क लहान आणि तिच्या पिना बारीक असतात. इथे जरा चष्मा लावा. एकीकडे ४४ पिना, मग एका जोडीएवढी रिकामी जागा आणि मग चार सुट्या पिना. वीज या ४४ मधूनच जाते, वेगळी वायर नसते. त्या शेवटच्या चार जम्परच्या असतात, त्यांच्यावर कनेक्टर चढवायचा नसतो. कन्व्हर्टरच्या कनेक्टरला दोन्ही बाजूंनी कड नसते, त्यामुळे तो एक जोडी सरकून किंवा उलटासुद्धा बसतो आणि वीज भलत्याच पिनेत जाते. रिकाम्या जागेपर्यंत कनेक्टर आलाय का, डिस्कची एक नंबरची पिन आणि कनेक्टरची एक नंबरची बाजू जुळतेय का, हे टॉर्च मारून बघा, मगच यूएसबी लावा. पीन वाकली असेल तर सुईच्या टोकाने हळू सरळ करा, पक्कड नको.

क्रम असा: आधी डिस्क कन्व्हर्टरला, मग डिस्कला वीज, ती फिरल्याचा बारीक घरघर आवाज आला की शेवटी यूएसबी लॅपटॉपला. टाईप-सी असेल तर साधा सी-टू-ए जोड चालतो, वेग थोडा कमी-जास्त होईल, पण आयडीई डिस्क स्वतःच इतकी संथ असते की तुम्हाला फरक जाणवणार नाही.

आणि पंखा. या डिस्क टेबलावर उघड्या चालवल्या तर भयंकर तापतात. भुसावळ-जळगावात पारा ४५ च्या आसपास असताना दुपारी दोनला कॉपी लावून जेवायला जाऊ नका. हे काम पहाटे किंवा रात्री करा, टेबलफॅन डिस्ककडे वळवा आणि लॅपटॉपला बॅटरी असली तरी डिस्कच्या अ‍ॅडॅप्टरला ती नसते हे लक्षात ठेवा. लाईट गेली की डिस्क जागच्या जागी बंद पडते. गावाकडे लोडशेडिंगचं वेळापत्रक बघून बसा किंवा तो अ‍ॅडॅप्टर इन्व्हर्टरच्या प्लगवर घ्या.

अ‍ॅडॅप्टर, म्हणजे खरा मारेकरी

घराघरांत एक ड्रॉवर असतो आणि त्यात दहा अ‍ॅडॅप्टर. राऊटरचा, सेट-टॉप बॉक्सचा, जुन्या लॅपटॉपचा. गोल पीन बऱ्याचदा सारखीच बसते. वेगळी वीज लागणाऱ्या बाह्य हार्ड डिस्कला बहुधा १२ व्होल्ट हवेत आणि लॅपटॉपचा अ‍ॅडॅप्टर साधारण १९ व्होल्टचा असतो. लावताच डिस्क मुकी होते, कधी जळका वास येतो. "कालपर्यंत चालू होती" असं म्हणत येणाऱ्या डिस्कमध्ये मी पहिल्यांदा हेच विचारतो: कोणता अ‍ॅडॅप्टर लावला होता?

चांगली बातमी अशी की पुष्कळ डिस्कच्या सर्किट बोर्डावर संरक्षणासाठी एक छोटा डायोड असतो. जास्त व्होल्ट आले की तो स्वतः शॉर्ट होतो आणि बाकी बोर्ड वाचवतो. मोबाईल दुरुस्तीचं सूक्ष्म सोल्डरिंग येणारा माणूस तो तपासून काढू शकतो, आतला डेटा सहसा शाबूत असतो. जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या ठिकाणी मोबाईल दुरुस्तीवाले भरपूर आहेत, पण डिस्कचा बोर्ड आधी हाताळलाय का, हे विचारून मगच द्या. दुसऱ्या सारख्या दिसणाऱ्या डिस्कचा बोर्ड काढून लावू, असं कुणी म्हणालं तर थांबवा. त्या डिस्कची स्वतःची मापं बोर्डावरच्या चिपमध्ये लिहिलेली असतात, ती चिप न हलवता बोर्ड बदलला तर बहुतेक नव्या डिस्क चालत नाहीत.

बाह्य डिस्कची डबी बिघडली म्हणून आतली डिस्क काढून थेट लावणाऱ्यांसाठी एक सूचना. काही कंपन्यांच्या डबीतली चिप डेटा कुलूपबंद करून लिहिते, पासवर्ड कधी ठेवलेला नसला तरी. अशी डिस्क थेट लावली तर नुसता कचरा दिसतो आणि विंडोज फॉरमॅटचा प्रश्न विचारतं. डबी फेकू नका, तीच किल्ली आहे.

दिसते, पण फोल्डर उघडत नाही

एक्सपीच्या काळातली डिस्क असेल तर डेस्कटॉपवरचं सगळं 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' या फोल्डरात, वापरणाऱ्याच्या नावाखाली असतं. विंडोज "परवानगी नाही" म्हणतं, कारण ते खातं जुन्या कॉम्प्युटरचं होतं. "कंटिन्यू" दाबलं की विंडोज त्या फोल्डराच्या परवानग्या बदलायला लागतं, म्हणजे म्हाताऱ्या डिस्कवर लिहायला लागतं. मला ते पसंत नाही. पेनड्राइव्हवर उबंटू (विंडोजऐवजी चालणारी लिनक्स नावाची मोफत प्रणाली) टाका, इन्स्टॉल न करता 'ट्राय' करून त्यातून लॅपटॉप चालू करा. लिनक्स त्या परवानग्यांकडे बघतच नाही, फोल्डर सरळ उघडतो. एक्सपीत मुद्दाम एन्क्रिप्ट केलेल्या फाईल्स तेवढ्या अपवाद.

डिस्क मधेच अडखळत असेल, म्हणजे कॉपी चालते, थांबते, पुन्हा चालते, तर एक-एक फाईल ओढू नका. त्याच उबंटूवर जीएनयू डीडीरेस्क्यू नावाचा मोफत प्रोग्राम टाका. तो आधी डिस्कचा धडधाकट भाग भराभर उतरवून घेतो, खराब जागा वहीत, म्हणजे नोंदीच्या एका फाईलमध्ये, टिपून पुढे जातो आणि शेवटी त्या जागांकडे परत येतो. मधे लाईट गेली तरी ती वही बघून जिथे थांबला तिथून सुरू करतो. आपल्याकडे हा गुण सोन्याच्या भावाचा. सगळी डिस्क एका मोठ्या फाईलमध्ये उतरली की मूळ डिस्क बाजूला ठेवा आणि पुढचे सगळे प्रयोग त्या फाईलच्या प्रतीवर करा. फक्त ती फाईल ठेवायला मूळ डिस्कपेक्षा मोठी जागा लागते, तेवढं आधी बघा.

लग्नाच्या छोट्या कॅसेट

२००० नंतरच्या लग्नांची मोठी अडचण इथे आहे. काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी कॅसेट म्हणजे मिनीडीव्ही. यातलं चित्र आधीच डिजिटल असतं, ते जसंच्या तसं उतरतं, पण त्यासाठी फायरवायर हे पोर्ट लागतं. सोनीच्या कॅमेऱ्यावर त्यालाच आय-लिंक लिहिलेलं असतं. कॅमेऱ्याला यूएसबीही असतं, आणि लोक तिथेच फसतात: बहुतेक मॉडेलमध्ये त्या यूएसबीतून कार्डवरचे फोटो किंवा अगदी निकृष्ट व्हिडिओ येतो, टेपवरचं पूर्ण चित्र नाही.

एका टोकाला फायरवायर आणि दुसऱ्याला यूएसबी अशी स्वस्त केबल ऑनलाईन मिळते. घेऊ नका. दोन्ही पोर्ट वेगळ्या भाषेत बोलतात, नुसत्या तारा जोडून काम होत नाही. चालणारा मार्ग म्हणजे जुना डेस्कटॉप आणि त्यात फायरवायरचं कार्ड. पीसीआय किंवा पीसीआय एक्सप्रेस, मदरबोर्डवर जी जागा असेल ते. विंडोज १० वर मायक्रोसॉफ्टचा जुना 'लेगसी' ड्रायव्हर घालावा लागतो, लिनक्सवर डीव्हीग्रॅब नावाचा प्रोग्राम लागतो. अ‍ॅपलवाल्यांनी घाई करा: २०२५ मध्ये आलेल्या मॅकओएस टाहोमधून फायरवायरचा आधारच काढून टाकलाय. जुना मॅक आणि जुनी प्रणाली असेल तर अपडेट न करता आधी टेप उतरवा.

टेप जितक्या वेळेची तितकाच वेळ उतरवायला लागतो, त्याला शॉर्टकट नाही. तासाला साधारण १३ जीबी. टेप आधी पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्या, म्हणजे वर्षानुवर्षं चिकटून बसलेले थर मोकळे होतात. चित्रात चौकोन-चौकोन दिसले तर हेड क्लीनिंग कॅसेट काही सेकंद चालवा, जास्त नको, ती हेड झिजवते. तरीही चौकोन गेले नाहीत तर ज्या कॅमेऱ्याने शूटिंग झालं तोच शोधा. लाँग-प्ले मोडमध्ये टेप वाचवण्यासाठी शूट केलेल्या कॅसेट दुसऱ्या कॅमेऱ्यात बऱ्याचदा नीट चालत नाहीत. म्हणूनच मी धुळ्या-नंदुरबारकडच्या ओळखीच्या फोटोग्राफरांना सांगत असतो की कॅमेरा भंगारात देऊ नका. कॅसेट तुमच्या कपाटात शंभर असतील, पण त्या वाचणारं यंत्र दिवसेंदिवस दुर्मिळ होतंय.

मोठी व्हीएचएस त्या मानाने सोपी. चालू व्हीसीआर, मागच्या पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिना आणि त्यांतलं चित्र कॉम्प्युटरला देणारी एक यूएसबी कॅप्चर पट्टी. कॅसेटच्या खिडकीतून पांढरट बुरशी दिसली तर मात्र व्हीसीआरमध्ये घालू नका. ती हेडला लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते.

सीडी

बाह्य डीव्हीडी ड्राइव्ह घेतला तरी "डिस्क घाला" एवढंच येतं, ड्राइव्ह टिक-टिक करून थांबतो. बहुतेकदा वीज कमी पडते. यूएसबी २ चं पोर्ट ५०० मिलिअँपियर देतं आणि ड्राइव्हला सुरू होताना त्याहून जास्त लागतं. दोन यूएसबी टोकं असलेली केबल वापरा किंवा स्वतःचा अ‍ॅडॅप्टर असलेलं हब. लॅपटॉपच्या टाईप-सीमधून हब, हबमधून माऊस, पेनड्राइव्ह आणि शिवाय सीडी ड्राइव्ह, अशी रांग लावू नका.

लग्नाच्या आणि अहिराणी गाण्यांच्या बऱ्याच डिस्क व्हीसीडी आहेत. त्यातली चित्राची डॅट फाईल कॉपी करताना शेवटी-शेवटी एरर येते आणि लोक समजतात डिस्क गेली. साध्या डेटा सीडीवर चुका सुधारण्यासाठी जो जादा थर असतो तो व्हीसीडीच्या चित्रात नसतो, जागा वाचवायला तो काढलेला असतो. त्यामुळे एखादा ओरखडा आला की विंडोजची कॉपी मान टाकते. व्हीएलसी प्लेअर तीच डिस्क एखादा झटका देऊन पुढे चालवतो, आणि त्यातूनच ती रेकॉर्ड करून घेता येते. आयएसओबस्टरसारखे प्रोग्राम खराब सेक्टर सोडून बाकी फाईल काढून देतात.

ओरखडा कुठल्या बाजूला आहे ते बघा. खालच्या चकचकीत बाजूचा ओरखडा फक्त बाहेरच्या प्लॅस्टिकवर असतो, मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसून किंवा पॉलिश करून डिस्क चालते. सीडीचा डेटा मात्र लेबलच्या बाजूला अगदी वरवर असतो. तिथे वधूवरांच्या नावाचं स्टिकर उचकटलं तर डेटाही सोबत येतो. स्टिकर आहे तसं राहू द्या.

फ्लॉपी

साडेतीन इंची असेल तर यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह लावा, नवीन विंडोजवरही तो 'ए' नावाने दिसतो. वाचण्याआधी कोपऱ्यातली छोटी खिडकी सरकवून उघडी करा, म्हणजे तीवर चुकून काही लिहिलं जाणार नाही. पत्र्याचं झाकण सरकवून आतली तबकडी बघा: डाग किंवा बुरशी असेल तर ती ड्राइव्हचं हेड खराब करते आणि पुढची चांगली फ्लॉपीही मग वाचली जात नाही. एका ड्राइव्हवर न चाललेली फ्लॉपी दुसऱ्यावर चालू शकते, कारण लिहिणाऱ्या ड्राइव्हचं हेड थोडं सरकलेलं असायचं. सोनीने जपानमधली फ्लॉपीची विक्री २०११ मध्ये थांबवली, म्हणजे आत्ता हातात असलेल्या तुमच्या फ्लॉपी किती वर्षांच्या आहेत त्याचा हिशोब करा.

सव्वापाच इंची, म्हणजे वाकणारी मोठी फ्लॉपी, यूएसबी ड्राइव्हवर चालत नाही आणि तसा ड्राइव्ह बाजारात शोधू नका. जुना ३४ पिनांचा ड्राइव्ह मिळाला तर ग्रीझवीझल नावाचा छोटा बोर्ड त्याला यूएसबीने जोडतो. हे हौशी माणसाचं काम आहे, हिशेबाच्या चार फाईलींसाठी करू नये.

कार्डांचं थोडक्यात. मेमरी स्टिक, एक्सडी, कॉम्पॅक्ट फ्लॅश यांना जुना बहुउद्देशीय कार्ड रीडर लागतो, किंवा कॅमेराच केबलने लावा. साधं एसडी असूनही दिसत नसेल तर रीडर जुना असू शकतो: २ जीबीपेक्षा मोठी कार्डं एसडीएचसी असतात, ३२ च्या वरची एसडीएक्ससी, जुना रीडर ती ओळखत नाही.

फाईल मिळाली, पण उघडेना

डीटीपीवाल्यांचा खरा घोळ इथे होतो. फ्लॉपीतून पेजमेकरची (पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरची) फाईल सुखरूप आली आणि उघडल्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला, तर फाईल खराब नाहीये. श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांच्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असायची, युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःची जागा देणारी आजची पद्धत, तेव्हा वापरात नव्हती. तोच फॉन्ट टाकला की मजकूर दिसतो. दुसऱ्या कंपनीचा टाकला तर दुसराच कचरा दिसतो, म्हणून फॉन्टचं नाव आधी शोधा. मग त्या त्या फॉन्टचा कन्व्हर्टर वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणा आणि र-फार, जोडाक्षरं, वेलांट्या डोळ्यांनी तपासा, कारण कन्व्हर्टर तिथेच चुकतात.

पेजमेकर ६ आणि ७ च्या फाईल्स त्याच कामाच्या इनडिझाईन सॉफ्टवेअरच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या उघडतात, त्यानंतरच्या सीसी आवृत्त्या नाही. काही डीटीपी सॉफ्टवेअरना प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला लावायचं की-लॉक लागायचं, म्हणजे जी नसेल तर सॉफ्टवेअर चालत नाही अशी छोटी डबी. यूएसबी-टू-पॅरलल केबल प्रिंटर चालवायला बनलेली असते, लॉक तिच्यातून सहसा ओळखलं जात नाही. अशा वेळी ज्या कॉम्प्युटरवर ते सॉफ्टवेअर चालायचं तोच उठवा. तो सुरू होताना तारीख चुकीची दाखवून एफ-वन दाबायला सांगत असेल तर घाबरू नका, मदरबोर्डवरचा बटणसेल संपलाय. नाणं दिसतं तसा, नंबर सीआर२०३२, घड्याळवाल्याकडे मिळतो. सेल बदलला की बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगमध्ये, तारीख भरा आणि हार्ड डिस्क 'ऑटो' वर ठेवा. चालू झाला की त्या मशीनला इंटरनेट लावू नका. फाईल्स टेक्स्ट आणि पीडीएफ अशा दोन्ही रूपांत काढा. जुन्या विंडोजला मोठा पेनड्राइव्ह दिसत नसेल तर लहान पेनड्राइव्ह फॅट-३२ या जुन्या मांडणीत फॉरमॅट करून लावा. विंडोज ९८ असेल तर पेनड्राइव्हसाठी वेगळा ड्रायव्हर लागतो, त्यापेक्षा त्याची हार्ड डिस्कच काढून वर सांगितलेल्या कन्व्हर्टरला लावणं सोपं.